संगणकीय आरेखनापासून नकाशाच्या टाइलपर्यंत : अनपेक्षित रंगांची कारणमीमांसा

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील नदीकाठच्या शहरांत 'पूररेषा' हा शब्द आता केवळ अभियंत्यांच्या वापरातला राहिलेला नाही. कोल्हापूर व सांगली परिसराने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी महापूर अनुभवले, आणि त्यानंतर आपले घर निळ्या रेषेच्या आत येते की लाल रेषेच्या, हा प्रश्न सामान्य कुटुंबेही विचारू लागली. निळी पूररेषा ही सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा मानली जाते, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामधील पट्ट्यात बांधकामावर बंधने सर्वांत कडक असतात; निळ्या आणि लाल रेषांमधील पट्ट्यात काही अटींवर बांधकामास वाव असतो. म्हणजे नकाशावरील दोन रेषांमध्ये जो फरक आहे तो वाचकाला केवळ रंगावरून कळतो, आणि त्या फरकावर जमिनीचा उपयोग, तिची किंमत आणि प्रसंगी जीवितही अवलंबून असते.

अशी रेषा मुळात ऑटोकॅडसारख्या प्रणालीत संगणकीय आरेखन म्हणून काढली जाते. वाचकापर्यंत मात्र ती मोबाईलच्या पडद्यावरील नकाशा म्हणून पोहोचते. या दोन टोकांच्या दरम्यान आरेखनाचे चित्रात रूपांतर होते, ते चित्र अक्षांश-रेखांशांवर बसवले जाते आणि शेवटी त्याचे २५६ गुणिले २५६ पिक्सेलचे चौकोनी तुकडे पाडले जातात. या तुकड्यांना 'टाइल' म्हणतात. २००५ साली सुरू झालेल्या गूगल मॅप्समुळे ही पद्धत सर्वतोमुखी झाली. या प्रवासात रेषेची जागा चुकली तर रस्ता नदीत गेलेला दिसतो आणि चूक कोणाच्याही ध्यानात येते. रंग मात्र निमूटपणे बदलतात. निळी रेषा जांभळी होते, लाल रेषा फिकट गुलाबी होऊन कागदात विरून जाते, काळी अक्षरे नाहीशी होतात, दोन रंगांच्या सीमेवर तिसराच रंग उमटतो.

अशा वेळी प्रचलित उपाय असा की तयार झालेले चित्र एखाद्या चित्रसंपादन प्रणालीत उघडून चुकलेले रंग हाताने बदलावेत. हा उपाय वरवर सोयीचा असला तरी तो चुकीच्या जागी केलेला उपाय आहे. आरेखनातील 'रंग' आणि टाइलमधील 'रंग' या दोन भिन्न स्वरूपाच्या गोष्टी आहेत. पहिला एक संकेत आहे, दुसरा प्रकाशाचे माप. संकेताचे मापात रूपांतर ज्या ठिकाणी चुकले ते ठिकाण शोधल्याशिवाय दोष जात नाही, केवळ झाकला जातो, आणि पुढील वर्षी सुधारित आरेखन आले की पुन्हा उभा राहतो. प्रस्तुत लेखात या रूपांतराचा मार्ग टप्प्याटप्प्याने तपासला असून, विवेचनाच्या सोयीसाठी नदीकाठच्या एका शहराचे पूररेषा दाखवणारे आरेखन कल्पिले आहे.

आरेखनातील रंग : छटा नव्हे, क्रमांक

ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली. त्या काळी आरेखन कागदावर उतरवण्याचे साधन म्हणजे पेन-प्लॉटर. यंत्राच्या हाती निरनिराळ्या जाडीची पेने दिलेली असत आणि कोणत्या रेषेसाठी कोणते पेन उचलायचे हे रेषेच्या रंगक्रमांकावरून ठरत असे. पडद्यावर लाल दिसणारी रेषा कागदावर लाल येईल अशी अपेक्षाच नव्हती. लाल म्हणजे 'पेन क्रमांक १', एवढाच त्याचा अर्थ. पेन-प्लॉटर कालबाह्य झाले, पण त्यांची ही परंपरा आरेखनाच्या फाइलीत टिकून राहिली. आजही कित्येक कार्यालयांत 'प्लॉट स्टाइल' नावाचा तक्ता वापरला जातो. रंगक्रमांक १ ची रेषा काळ्या शाईने ठराविक जाडीत छापा, क्रमांक ८ ची करड्या शाईने छापा, अशा सूचना त्यात असतात. हा तक्ता आरेखनाच्या फाइलीत नसतो, तो स्वतंत्र फाइल म्हणून राहतो. आरेखन एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर गेले आणि तक्ता मागेच राहिला, की कागदावरील नकाशा आणि टाइलवरील नकाशा यांत मेळ राहत नाही. पुष्कळदा 'रंग बदलले' अशी जी तक्रार येते तिचे मूळ इथे असते. वस्तुतः रंग बदललेले नसतात. यापूर्वी ते तक्त्यामुळे बदलून दिसत होते, इतकेच.

ऑटोकॅडच्या रंगसूचीत १ ते २५५ असे क्रमांक आहेत. १ लाल, २ पिवळा, ३ हिरवा, ४ आकाशी, ५ निळा, ६ किरमिजी. क्रमांक ७ चे वागणे मात्र चमत्कारिक आहे. पडद्याची पार्श्वभूमी काळी असेल तर ७ म्हणजे पांढरा, आणि पार्श्वभूमी पांढरी असेल तर ७ म्हणजे काळा. काळ्या पडद्यावर काम करणाऱ्या आरेखकाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. रूपांतर करणाऱ्या प्रणालीला मात्र एकच निश्चित मूल्य द्यावे लागते. तिने ७ चा अर्थ पांढरा असा घेतला आणि टाइलची पार्श्वभूमीही पांढरी ठेवली, तर क्रमांक ७ मध्ये काढलेली सर्व अक्षरे, गट क्रमांक आणि शेतांच्या हद्दी नकाशावरून अदृश्य होतात. त्या पुसल्या गेलेल्या नसतात. पांढऱ्यावर पांढऱ्याने लिहिलेल्या असतात. नव्या लेअरचा रंग आरंभी ७ हाच असल्याने हा दोष सर्वांत अधिक आढळतो, आणि म्हणून तपासणीची सुरुवातही इथूनच करणे श्रेयस्कर. ८ आणि ९ या करड्या छटांबाबतही सावध राहावे लागते, कारण प्रचलित तक्त्यांत त्यांची मूल्ये एकसारखी नाहीत.

या क्रमांकांखेरीज आणखी दोन संकेत आहेत. २५६ म्हणजे 'बायलेअर', अर्थात ही वस्तू ज्या लेअरवर आहे त्या लेअरचा रंग घ्यावा. आणि ० म्हणजे 'बायब्लॉक', अर्थात ही वस्तू ज्या ब्लॉकचा भाग आहे तो ब्लॉक जिथे मांडला असेल तिथला रंग घ्यावा. यात एक उपनियमही आहे. ब्लॉकच्या आतील वस्तू '०' नावाच्या लेअरवर असेल आणि तिचा रंग बायलेअर असेल, तर ती ब्लॉक ज्या लेअरवर मांडला त्याचा रंग घेते. वृक्ष, विहीर, विजेचा खांब, पूरपातळीचे चिन्ह ही सर्व चिन्हे बहुधा अशाच रीतीने तयार केलेली असतात. ब्लॉक फोडून सरळ रेषा करणारी साधी रूपांतर प्रणाली हा वारसा विसरते आणि प्रत्येक चिन्हाला '०' लेअरचा स्वतःचा रंग, म्हणजे बहुधा ७, देऊन टाकते. परिणामी रेषा बरोबर निळ्या आणि चिन्हे मात्र सगळी काळी किंवा अदृश्य, असे चित्र दिसते. दोषाचे हे रूप पाहताच ब्लॉककडे वळावे.

डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात वस्तूचा रंगक्रमांक ६२ या सांकेतिक अंकाखाली नोंदलेला असतो. ऑटोकॅड २००४ या आवृत्तीपासून लाल, हिरवा, निळा या तीन घटकांनी सांगितलेला 'ट्रू कलर'ही देता येऊ लागला आणि तो ४२० या अंकाखाली नोंदला जातो. एकाच वस्तूला दोन्ही नोंदी असू शकतात. केवळ ६२ वाचणाऱ्या जुन्या प्रणालीला खरा रंग दिसतच नाही. तिला त्याच्या जवळचा क्रमांक मिळतो. फिकट निळ्याऐवजी गडद निळा, असा हा सौम्य दोष असतो. याहून फसवी गोष्ट लेअरच्या नोंदीत आहे. तिथे ६२ खालील संख्या ऋण असेल, उदाहरणार्थ उणे ५, तर त्याचा अर्थ 'रंग निळा, परंतु लेअर बंद' असा होतो. उणे चिन्हाकडे दुर्लक्ष करणारी प्रणाली बंद ठेवलेला लेअरही छापते. आरेखकाने जुनी, रद्द झालेली पूररेषा पुसण्याऐवजी तिचा लेअर बंद करून ठेवलेला असेल, तर टाइलवर दोन निळ्या रेषा शेजारी शेजारी उमटतात. रंगाचा म्हणून सुरू झालेला शोध इथे आशयाच्या गंभीर चुकीपर्यंत पोहोचतो.

ऑटोकॅड २००८ पासून एकाच लेअरला छपाईच्या प्रत्येक चौकटीत निराळा रंग देण्याची सोय झाली आणि २०११ पासून वस्तूंना पारदर्शकता देता येऊ लागली. दोन्ही सोयी आरेखकाला उपयुक्त, आणि दोन्ही रूपांतरात सहज हरवणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र ६० टक्के पारदर्शक निळ्याने भरले असेल तर पांढऱ्या कागदावर त्याचे मूल्य १५३, १५३, २५५ असे फिकट येते. तेच भरण काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित झाले तर ०, ०, १०२ असा जवळजवळ काळपट रंग येतो. पारदर्शकता वाचलीच गेली नाही तर शुद्ध निळा येतो आणि खालची घरे, रस्ते, अक्षरे सर्व झाकली जातात. या तिन्ही रंगांचे मूळ आरेखन एकच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आरेखनाचे चित्र होताना

रेषांच्या आरेखनाचे पिक्सेलच्या चित्रात रूपांतर करताना आकार कमी राहावा म्हणून अनेकदा २५६ रंगांचे पॅलेट वापरले जाते. अशा चित्रात प्रत्येक पिक्सेलमध्ये रंग नसतो. पॅलेटमधील रंगाचा अनुक्रमांक असतो. चित्र जसेच्या तसे पाहिले तर काही बिघडत नाही. परंतु ते भूसंदर्भानुसार फिरवताना किंवा लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढली जाते, आणि ही सरासरी रंगांची न होता क्रमांकांची झाली तर अनर्थ ओढवतो. पॅलेटचा क्रम ऑटोकॅडच्या रंगसूचीप्रमाणेच ठेवलेला असेल तर लाल १ आणि निळा ५ यांची सरासरी येते ३, म्हणजे हिरवा. पूररेषांच्या नकाशात लाल आणि निळ्या रेषा जिथे जवळ येतात तिथे अचानक हिरवे ठिपके दिसू लागतात, ते यामुळे. त्याचप्रमाणे पिवळा २ आणि किरमिजी ६ यांच्या सीमेवर आकाशी ४ उमटतो. दोन रंगांच्या मिश्रणाने जो रंग कधीही येणार नाही असा रंग सीमेवर दिसला, तर पॅलेटची सरासरी झाली असे जवळपास निश्चित समजावे. जीडाल या मुक्त प्रणालीतील टाइल पाडणारी आज्ञावली पॅलेटचे चित्र मिळाल्यास काम थांबवते आणि ते आधी स्वतंत्र रंगपट्ट्यांत विस्तारून आणण्यास सांगते. नवख्या वापरकर्त्याला हा अडथळा वाटतो. प्रत्यक्षात ती दक्षता आहे.

पीडीएफच्या मार्गाने येणाऱ्या चित्रांत आणखी एक अडचण संभवते. छापखान्यासाठी तयार केलेल्या पीडीएफमध्ये रंग चार शाईंच्या प्रमाणात नोंदलेले असतात. पडद्यावरील शुद्ध निळा शाईत नेमका उतरत नाही. तो जांभळ्याकडे झुकतो. अशा पीडीएफपासून पुन्हा पडद्यासाठी चित्र केले की निळी पूररेषा जांभळट दिसते. विकास योजनांच्या नकाशांत औद्योगिक विभागासाठी जांभळा रंग रूढ असल्याने हा बदल केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. टाइलसाठीचे चित्र छपाईच्या पीडीएफपासून करू नये, एवढे पथ्य पाळले तरी हा टप्पा निर्धोक होतो.

शून्य आणि २५५ यांचा घोटाळा

चित्र अक्षांश-रेखांशांवर बसवताना ते थोडे फिरते आणि त्याच्या चार कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात. या रिकाम्या जागेला काही मूल्य द्यावे लागते. ते बहुधा शून्य, म्हणजे काळे, असते. काळे कोपरे नकोत म्हणून वापरकर्ता 'शून्य म्हणजे रिकामे' असे सांगतो. कोपरे पारदर्शक होतात, परंतु नकाशातील काळी अक्षरे आणि काळ्या हद्दीही पारदर्शक होतात. खाली उपग्रहचित्र असेल तर अक्षरांच्या जागी झाडे दिसू लागतात.

याहून गुंतागुंतीचा प्रकार असा. काही पद्धतींत 'रिकामे' मूल्य तिन्ही रंगपट्ट्यांचा एकत्रित विचार करून न ठरवता प्रत्येक पट्ट्यासाठी स्वतंत्रपणे ठरवले जाते. समजा, पांढरी पार्श्वभूमी काढून टाकण्यासाठी २५५ हे मूल्य रिकामे ठरवले. पांढरा म्हणजे २५५, २५५, २५५, तो गेला. परंतु पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. त्याचे लाल व हिरवे हे दोन घटकही २५५ असल्याने रिकामे ठरतात, त्यांच्या जागी शून्य भरले जाते आणि निवासी विभागाचा पिवळा रंग काळा होतो. उलट, शून्य हे मूल्य रिकामे ठरवून त्या जागी २५५ भरले तर लाल रेषेचे हिरवे व निळे घटक २५५ होतात आणि लाल पूररेषा पांढरी होऊन नाहीशी होते.

हा दोष उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्यांना क्वचितच भेटतो. छायाचित्रात नेमके ० किंवा नेमके २५५ असे मूल्य फार थोड्या पिक्सेलांत असते. ऑटोकॅडचे १ ते ७ हे मूळ रंग मात्र ० आणि २५५ या दोनच मूल्यांपासून घडलेले आहेत. त्यामुळे उपग्रहचित्रासाठी निर्दोष ठरलेली कार्यपद्धती आरेखनाला जशीच्या तशी लावली की फजिती होते. भूगोल विभागात शिकवली जाणारी पद्धत आणि स्थापत्य विभागाकडून आलेले आरेखन यांची गाठ पडते तिथे हे हमखास घडते, आणि दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर असतात. उपाय साधा आहे : रिकामेपणा रंगाने व्यक्त न करता अल्फा नावाच्या चौथ्या पट्ट्याने व्यक्त करावा. मग काळा काळाच राहतो आणि पांढरा पांढराच.

अल्फा पट्टा घेतल्यावरही एक सूक्ष्म दोष उरू शकतो. पारदर्शक पिक्सेलला रंग नसला तरी फाइलीत त्याची मूल्ये ०, ०, ० अशी लिहिलेली असतात. निळी रेषा आणि शेजारची पारदर्शकता यांची सरासरी काढताना हा दडलेला काळाही मिसळला गेला तर रेषेभोवती काळपट कडा येते. सरासरी काढताना रंगाला अल्फाच्या प्रमाणात वजन देणारी प्रणाली वापरली म्हणजे ही कडा येत नाही.

लहान होत जाणारा नकाशा

टाइलच्या नकाशात प्रत्येक झूम पातळीसाठी टाइलांचा स्वतंत्र संच असतो. एक पातळी खाली उतरताना नकाशा निम्म्या मापाचा होतो, म्हणजे चार पिक्सेलांचा एक पिक्सेल होतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर झूम १८ मधील एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे ०.५७ मीटर दाखवतो, झूम १४ मधील सुमारे ९ मीटर, आणि झूम १२ मधील सुमारे ३६.५ मीटर. झूम १८ वर एक पिक्सेल जाडीची, पांढऱ्यावर काढलेली उभी लाल रेषा घेतली आणि प्रत्येक पायरीला सरासरी काढली, तर तिची मूल्ये २५५, ०, ० पासून क्रमाने २५५, १२८, १२८. मग २५५, १९१, १९१. मग २५५, २२३, २२३ आणि झूम १४ वर २५५, २३९, २३९ अशी होत जातात. ही शेवटची छटा पांढऱ्यापासून डोळ्याला जेमतेम वेगळी दिसते. शहराचा आढावा घेणारा वाचक नेमक्या याच पातळीवर नकाशा पाहत असतो. त्याला लाल पूररेषा दिसत नाही आणि ती तिथे नाहीच असा त्याचा समज होतो.

सरासरीऐवजी जवळचा एकच पिक्सेल उचलण्याची पद्धत वापरली तर रंग शुद्ध राहतो, पण रेषेचे पिक्सेल निवडीतून वगळले जाऊन ती तुटक होते किंवा संपूर्ण गळते. तुटक रेषेला नकाशाशास्त्रात स्वतःचा अर्थ असतो. प्रस्तावित, अनिश्चित किंवा भूमिगत गोष्टी तशा दाखवल्या जातात. त्यामुळे हा उपायही निर्दोष म्हणता येत नाही.

लाल आणि निळ्या रेषा जमिनीवर २० मीटर अंतराने धावत असतील तर झूम १४ वर त्यांच्यात दोन पिक्सेलांचे अंतर उरते. झूम १२ वर त्या बव्हंशी एकाच पिक्सेलमध्ये येतात आणि त्यांची सरासरी फिकट जांभळी होते. रंगीत भरणांच्या सीमांवरही हेच घडते. पिवळा २५५, २५५, ० आणि निळा ०, ०, २५५ यांची समसमान सरासरी काढली तर १२८, १२८, १२८, म्हणजे निव्वळ करडा रंग येतो. निवासी पिवळा आणि व्यापारी निळा यांच्या मध्ये कोणीही न आखलेला करडा पट्टा दिसतो, आणि करडा हा रस्ते-वाहतुकीचा रूढ रंग असल्याने तो रस्ता वाटतो. पिवळ्या भरणावरील लाल तिरप्या रेषा याच न्यायाने लहान पातळीवर नारिंगी होतात. नकाशाच्या सूचीत नारिंगी नसतोच. वाचक सूची आणि नकाशा यांची सांगड घालत बसतो.

यावर टिकाऊ उपाय एकच दिसतो. मोठे चित्र लहान करत न नेता प्रत्येक झूम पातळी मूळ रेषांपासून नव्याने चित्रित करावी आणि रेषेची जाडी पिक्सेलमध्ये ठरवावी, म्हणजे झूम १२ वरही रेषा दोन पिक्सेल जाडीची आणि पूर्ण रंगाची राहते. क्यूजीआयएससारख्या प्रणालीत हे सहज साधते. यासाठी संगणकाला वेळ अधिक लागतो हे खरे. परंतु एका शहराच्या नकाशासाठी तो वेळ वाचवण्याइतका मौल्यवान क्वचितच असतो. व्हेक्टर टाइलचा मार्ग पत्करल्यास पिक्सेलांची सरासरी हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण रंग शेवटी वाचकाच्या संगणकावर भरला जातो. मात्र बायलेअर, बायब्लॉक आणि क्रमांक ७ यांचे प्रश्न त्यातही जसेच्या तसे राहतात.

टाइल साठवताना जेपीईजी हे स्वरूप निवडले तर आणखी हानी होते. जेपीईजीची रचना छायाचित्रांसाठी आहे. ते रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवते आणि चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे गट करून दाबते. पांढऱ्यावरील बारीक लाल रेषा त्यात मळकट होते आणि तिच्याभोवती ठिपक्यांचे धुके येते. शिवाय या स्वरूपात पारदर्शकतेला स्थान नाही. आरेखनासाठी पीएनजी हेच स्वरूप योग्य आहे.

दोषाच्या रूपावरून मूळ ओळखणे

वरील विवेचनावरून दिसते की प्रत्येक टप्पा आपली निराळी खूण मागे ठेवतो. म्हणून संपूर्ण प्रक्रिया पुन्हा पुन्हा चालवून पाहण्यापेक्षा दोषाचे रूप नीट न्याहाळणे अधिक फलदायी ठरते. एखाद्या लेअरवरील सर्व वस्तू सर्व झूम पातळ्यांवर सारख्याच चुकल्या असतील तर आरेखन वाचतानाच चूक झाली आहे. भरणाचा मध्य बरोबर आणि केवळ कडा चुकलेल्या असतील तर सरासरी दोषी आहे. मोठ्या झूमवर रंग ठीक आणि लहान झूमवर बिघडलेला असेल तरीही तेच. संपूर्ण नकाशा सर्वत्र थोडासा एकाच दिशेने झुकलेला असेल तर शाईच्या रंगांतून किंवा रंग-प्रोफाइलच्या रूपांतरातून तो गेला असावा. रंगाचा बदल नेमका टाइलच्या सरळ सीमेवर होत असेल तर दोन शक्यता उरतात. एक तर प्रत्येक टाइलचे स्वतंत्रपणे २५६ रंगांत रूपांतर झाले असून शेजारच्या टाइलला निराळे पॅलेट मिळाले आहे. किंवा काही टाइल जुन्याच आहेत आणि ब्राउझर त्या आपल्या साठ्यातून दाखवत आहे. ही दुसरी शक्यता क्षुल्लक वाटते, तथापि दुपारभर केलेली दुरुस्ती 'लागूच होत नाही' असे वाटते तेव्हा बहुधा हेच कारण असते.

डोळ्यावर मात्र विसंबू नये. पांढऱ्यावरील आणि हिरव्यावरील एकच लाल छटा डोळ्याला भिन्न भासते. चित्रसंपादन प्रणालीतील रंग उचलण्याचे साधन वापरून पिक्सेलची तीन मूल्ये वाचावीत आणि लिहून ठेवावीत. एकच वस्तू निवडावी, उदाहरणार्थ निळ्या रेषेचा एका पुलाजवळचा तुकडा, आणि ती टाइलपासून उलट दिशेने तपासत जावी : टाइलमध्ये मूल्ये काय, टाइल पाडण्यापूर्वीच्या चित्रात काय, भूसंदर्भ देण्यापूर्वी काय, आणि डीएक्सएफमध्ये ६२ व ४२० खाली काय लिहिले आहे. ज्या दोन टप्प्यांमध्ये मूल्य बदलले त्यांच्या मध्ये दोष आहे.

हा शोध दर वेळी नव्याने करावा लागू नये यासाठी एक कसोटीचे आरेखन तयार ठेवता येते, आणि पदवीच्या वर्गासाठी ते एक चांगले प्रात्यक्षिकही ठरते. त्यात क्रमांक १ ते ९ चे भरलेले चौकोन असावेत. एक बायलेअर, एक बायब्लॉक आणि एक '०' लेअरवरील ब्लॉक असावा. एक ट्रू कलर, एक पारदर्शक भरण, एक बंद लेअर असावा. आणि लाल व निळ्या बारीक रेषांची एक जोडी निमुळत्या अंतराने काढलेली असावी. हे आरेखन संपूर्ण साखळीतून नेले की साखळीतील कोणता दुवा कच्चा आहे ते काही मिनिटांत उघड होते. रंगसूचीही त्याच आरेखनात काढून त्याच साखळीतून न्यावी असे काही जण सुचवतात. त्यात तथ्य आहे, कारण सर्वत्र सारखाच झालेला बदल सूचीतही होतो आणि वाचक फसत नाही. परंतु सूचीतील ठोकळे मोठे असतात आणि नकाशातील रेषा बारीक. सरासरीचा दोष ठोकळ्यात दिसत नाही. त्यामुळे सूचीत चौकोनाऐवजी नकाशातील जाडीचीच रेषा दाखवणे इष्ट.

रंगावरचा भार हलका करण्याची तजवीजही आरेखनातच करता येते. लाल आणि हिरवा यांतील भेद न जाणवणारे वाचक सर्वत्र असतात, आणि नकाशाची छायाप्रत काढली की सर्वांचीच स्थिती तशी होते. निळ्या रेषेवर ठराविक अंतराने '२५' आणि लाल रेषेवर '१००' असे अंक बसवले तर रंग बिघडूनही रेषा वाचता येते.

जुन्या आरेखनांचा प्रश्न याहून बिकट आहे. डीडब्ल्यूजी फाइल जपलेली असते, प्लॉट स्टाइलचा तक्ता मात्र ज्या संगणकावर होता तो संगणकच निकालात निघालेला असतो. क्रमांक ३० ची रेषा कागदावर कोणत्या रंगात छापली जात होती हे फाइल सांगू शकत नाही. अशा वेळी सही-शिक्क्याचा कागदी नकाशा हाच एकमेव आधार उरतो. तो समोर ठेवून प्रत्येक रंगक्रमांकासमोर कागदावरील रंग आणि त्याचा अर्थ लिहीत तक्ता पुन्हा रचावा लागतो. ज्या क्रमांकाची रेषा कागदावर सापडत नाही तिला सूचीत नसलेला एखादा रंग देऊन 'अनिर्णीत' म्हणून वेगळ्या लेअरवर ठेवावे, आणि मूळ तक्ता किंवा दुसरी छापील प्रत मिळेपर्यंत तो लेअर टाइलमध्ये घेऊ नये.